दातांतलं नॅनो तंत्रज्ञान : आपल्या गोव्यातल्या मुलांपर्यंत यातलं काय पोचेल?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यात एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेत दाततपासणी झाली आणि वर्गातल्या कितीतरी मुलांच्या दुधाच्या दाढा किडलेल्या निघाल्या. काहींच्या तर नुसते खुंट उरलेत. पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या. बहुतेकांचं उत्तर एकच आलं, "दुधाचे दात, पडणारच आहेत." पण ते पडेपर्यंत मूल एका बाजूने चावतं, रात्री रडतं, सकाळी वर्गात पेंगतं, ते आम्ही रोज पाहतो.

दुसरीकडे औषधांच्या दुकानात नॅनो लिहिलेल्या टूथपेस्ट आल्या आहेत, नेहमीच्या पेस्टच्या कितीतरी पट महाग. मोबाइलवर दातात शिरणाऱ्या रोबोंच्या बातम्या येतात. मला खरंच समजून घ्यायचं आहे की यातलं आज हातात काय आहे, पुढच्या काही वर्षांत काय येईल आणि त्यातलं खेड्यातल्या मुलाच्या तोंडापर्यंत काय पोचेल. इथे दातांचे डॉक्टर आणि विज्ञानातली मंडळी आहेत, म्हणून धागा काढला. सविस्तर लिहा, मी वर्गातल्या पालकांना वाचून दाखवणार आहे.

सूक्ष्मदर्शी
छान विषय, बाई. मी पदार्थविज्ञानातला माणूस, दंतवैद्य नव्हे, त्यामुळे पदार्थांपुरतं बोलतो.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो. आपल्या दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज आहे. त्याचं नाव हायड्रॉक्सिॲपेटाइट. त्याचे स्फटिक रुंदीला काही दशक नॅनोमीटर एवढेच, पण एकमेकांना चिकटून गुंफलेले. दात मुळातच या मापावर घडलेला असल्यामुळे त्याची दुरुस्तीही त्याच मापावर करावी, हा विचार काही बाहेरून लादलेला नाही. अडचण अशी की एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात. मोडलेलं हाड सांधतं, एनॅमल सांधत नाही.

आता आज काय आहे ते. दाताच्या रंगाचं जे सिमेंट भरतात, त्या कंपोझिटमध्ये नॅनो कधीच येऊन बसलंय. 2002 मध्ये थ्रीएम कंपनीने सिलिका आणि झिर्कोनियाचे नॅनो कण घातलेलं कंपोझिट बाजारात आणलं. आपल्याकडे चिऱ्यांचा गडगा घालताना मोठ्या चिऱ्यांमधल्या फटींत बारीक कपऱ्या ठोकतात ना, तसंच काहीसं आहे हे. बारीक कण मोठ्या कणांमधल्या जागा भरतात, कणांना धरून ठेवणाऱ्या राळेचा भाग कमी लागतो, भरणं कमी झिजतं आणि चकाकी जास्त टिकते. म्हणजे गेल्या काही वर्षांत तुमच्यापैकी कुणी पणजीत किंवा मडगावात दाताच्या रंगाचं भरणं करून घेतलं असेल, तर नॅनो कण आधीच तुमच्या तोंडात असण्याची चांगलीच शक्यता आहे. कुणी गाजावाजा केला नाही इतकंच.

टूथपेस्टमधलं नॅनो-हायड्रॉक्सिॲपेटाइट तर त्याहून जुनं. जपानमधल्या सांगी कंपनीने 1980 मध्ये ती पेस्ट विकायला सुरुवात केली आणि 1993 मध्ये जपान सरकारने कीड रोखणारा घटक म्हणून त्याला मान्यता दिली. आपल्या दुकानांत जे आज "भविष्य" म्हणून विकलं जातं ते जपानी माणूस चाळीसहून जास्त वर्षं वापरतोय.

कुळागर
वाचतोय. पुढे लिहा.

नवआई
माझी लेक चार वर्षांची आहे, आम्ही म्हापशाला असतो. सरळ विचारते, ती महागडी पेस्ट घेऊ का? फ्लोराइडबद्दल व्हॉट्सॲपवर इतकं काही येतं की भीतीच वाटते.

अबोली
नवआई, मी दंतवैद्य आहे, बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात शिकले. तुमच्या प्रश्नाला सरळच उत्तर देते. चार वर्षांच्या मुलीला फ्लोराइडची साधी पेस्ट, वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा, आणि शेजारी उभं राहून घासून घ्यायचं. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी. थुंकायला शिकवायचं, खळखळून चूळ भरायला लावायची नाही. कीड रोखण्याचा सगळ्यात भक्कम, कित्येक दशकांचा पुरावा आज फ्लोराइडच्या मागे आहे.

पेस्टचं काम कसं चालतं तेही सांगते, म्हणजे भीती जाईल. आपण गोड खाल्लं की जंतू त्याचं आम्ल करतात. तोंडातला पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडायला लागतं. लाळ हळूहळू ते परत भरते. फ्लोराइड हजर असेल तर परत बसणारं खनिज जास्त टणक असतं, ते विरघळायला पीएच 4.5 च्या आसपास यावा लागतो. नॅनो-हायड्रॉक्सिॲपेटाइटचा मार्ग वेगळा. तो दाताचंच खनिज बारीक करून पुरवतो, ते सूक्ष्म खड्ड्यांत आणि दातातल्या बारीक नळ्यांच्या, म्हणजे नलिकांच्या, उघड्या तोंडाशी बसतं.

ते निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पोलंडमध्ये प्रौढांवर 18 महिने तुलना झाली. तिचे निष्कर्ष 2023 मध्ये आले आणि हायड्रॉक्सिॲपेटाइटची पेस्ट फ्लोराइडच्या पेस्टपेक्षा मागे पडली नाही. पण त्या अभ्यासात पेस्ट बनवणाऱ्या कंपनीची माणसं होती आणि असे मोठे अभ्यास अजून थोडे आहेत. संवेदनशीलतेसाठी, म्हणजे थंड-आंबट लागून दात शिवशिवत असतील तर, मी ती पेस्ट सुचवते, कुणी फ्लोराइड घ्यायलाच तयार नसेल तर त्यालाही सुचवते. पण जिथे कीड जास्त आहे अशा मुलाची फ्लोराइड पेस्ट काढून तिच्या जागी ही द्या, असं मी आज सांगणार नाही.

सुरक्षिततेचं म्हणाल तर युरोपच्या ग्राहक सुरक्षा समितीने 2023 मध्ये पेस्टमध्ये 10 टक्क्यांपर्यंत हा घटक सुरक्षित मानला. अट अशी की कण आखूड कांडीसारखे हवेत, सुईसारखे टोकदार नकोत.

नवआई
देव बरें करूं, डॉक्टर. हे कुणी इतकं उलगडून सांगितलंच नव्हतं.

पेडण्याचे आबा
मी बहात्तर वर्षांचा. सोलकढीचा घोट घेतला की दातांतून वीज जाते. थंड पाणी तर सोडूनच दिलंय. त्या रोबोंची बातमी मी पण वाचली, बंगळुरूची. ते माझ्यासारख्यासाठी आहे का? असलं तर माझ्या हयातीत येईल का?

सूक्ष्मदर्शी
आबा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात रंगतदार प्रश्न आहे. थोडं लांबण लावतो.

एनॅमलच्या आत डेंटिन असतं आणि डेंटिनमध्ये हजारो बारीक नलिका असतात, 1 ते 3 मायक्रॉन रुंद, म्हणजे 1000 ते 3000 नॅनोमीटर. त्या आतल्या नसेपर्यंत जातात आणि त्यांत द्रव असतो. हिरडी खाली सरकली, एनॅमल झिजलं की नलिकांची तोंडं उघडी पडतात. थंड लागलं की आतला द्रव हलतो, नस ओरडते. तुमची वीज ती हीच.

बाजारातल्या पेस्ट नलिकांच्या तोंडाशी बूच बसवतात. ते बूच वरवरचं असतं, घासून आणि आंबट खाऊन निघून जातं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आणि तिथूनच निघालेल्या थेरानॉटिलस या कंपनीने 2025 मध्ये जे मांडलं ते असं : सुमारे 400 नॅनोमीटरचे चुंबकीय कण, त्यांत कॅल्शियम सिलिकेटवर आधारलेलं सिमेंट. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून ते नलिकांत 300 ते 500 मायक्रॉन खोल ढकलायचे आणि आत त्यांनी एकत्र येऊन घट्ट बूच तयार करायचं. हे काढलेल्या मानवी दातांवर पाहिलं गेलं. उंदरांवरही प्रयोग झाला, आणि संवेदनशीलतेमुळे थंड पाणी टाळणारे उंदीर पुन्हा ते पाणी प्यायला लागले.

याच संस्थेत अंबरीश घोष यांच्या गटाने 2022 मध्ये रूट कॅनॉलसाठीही काम दाखवलं होतं. लोखंडाचा लेप दिलेले सिलिकाचे, स्क्रूसारख्या पिळाचे कण चुंबकाने डेंटिनच्या नलिकांत 2000 मायक्रॉनपर्यंत नेले, तिथे क्षेत्र बदलून उष्णता निर्माण केली आणि जंतू मारले. रूट कॅनॉल अपयशी होतं त्यामागे पुष्कळदा एन्टरोकॉकस फिकॅलिससारखा चिवट जंतू असतो, तो नलिकांत खोल दडी मारतो आणि धुण्याचं औषध तिथवर पोचत नाही. म्हणून मला हे काम मोलाचं वाटतं. पुन्हा पुन्हा रूट कॅनॉल करावं लागणाऱ्या माणसाचा दात यातून वाचू शकेल.

रोबो शब्दाने मात्र डोळ्यांसमोर चाकं आणि हात येऊ देऊ नका. यांना मेंदू नाही, इंजिन नाही. चुंबक नेईल तिकडे जाणारे हे कण आहेत. नोव्हेंबर 2000 मध्ये रॉबर्ट फ्रायटस यांनी अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात नॅनोदंतवैद्यकावर लेख लिहिला होता. टूथपेस्टमधून तोंडात फिरणारे आणि हिरडीखालची घाण साफ करणारे यंत्रमानव, सुई न टोचता दात बधिर करणारे यंत्रमानव, असं सगळं त्यात होतं. पंचवीस वर्षं उलटली, त्यातलं एकही खुर्चीपर्यंत आलेलं नाही. जे आलं ते सगळं पदार्थ म्हणून आलं, यंत्र म्हणून नव्हे. पुढची दहा वर्षंही बहुधा अशीच जातील असं माझं मत.

हयातीचं म्हणाल तर माणसांवरच्या चाचण्या, परवाने, दवाखान्यात चुंबकाचं यंत्र, हे सगळं व्हायचंय. वाट पाहत थंड पाणी सोडून बसू नका.

अबोली
आबा, सोलकढी प्यायल्यावर लगेच दात घासत असाल तर ते थांबवा. आमसूल, कैरी, बिंबलं खाल्ली की एनॅमल थोडा वेळ मऊ पडतं आणि ब्रशने खरवडून निघतं. साध्या पाण्याची चूळ भरा, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. ब्रश मऊ घ्या. संवेदनशीलतेची पेस्ट रात्री बोटाने लावून तशीच ठेवा. आणि एकदा दाखवून घ्या, एखाद्या दाताला चीर गेलेली असेल तर पेस्टने काही होणार नाही.

कुळागर
हे सगळं वाचून आनंद झाला, पण माझ्या पोटातलं बोलतो. मी सत्तरी तालुक्यात राहतो. आमच्या वाड्यावरून दातांच्या डॉक्टरपर्यंत जायचं तर कामाचा दिवस बुडतो. मूल रडायला लागलं की लवंग दाबतात, वेदनाशामक गोळी देतात, फारच झालं तर दात उपटून आणतात. जत्रेत खाजं आणि एरवी पाकिटातली बिस्किटं, मुलांचं खाणं हे. बंगळुरूच्या प्रयोगशाळेचं मला कौतुक आहे, आपल्या देशातली माणसं हे करतात याचा अभिमान आहे. पण माझ्या पुतण्याच्या दाढेसाठी मला असं काही सांगा की ज्याला ड्रिल लागत नाही, वीज लागत नाही आणि मूल घाबरून पळत नाही. असं नॅनोत काही आहे का?

अबोली
आहे, दादा. आणि मला या धाग्यात सगळ्यात जास्त याच विषयावर लिहायचं होतं.

आधी जुनं औषध. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, 38 टक्के. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात कठीण करतं. किडलेली जागा कोरडी करायची, एक थेंब ब्रशने लावायचा, मिनिटभर थांबायचं. सुई नाही, ड्रिल नाही. जपानमध्ये ते 1970 च्या सुमारापासून वापरात आहे, अमेरिकेत 2014 मध्ये परवानगी मिळाली आणि 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. भारतात मिळतं. त्याने कीड थांबते, पण खड्डा भरत नाही, आणि किडलेली जागा कायमची काळीकुट्ट होते. पुढच्या दातांवर काळा डाग बघून आया रडलेल्या मी पाहिल्या आहेत. मुलगी असेल तर घरचे जास्तच हरकत घेतात. उपाय हाताशी असून फक्त रंगामुळे नाकारला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

नॅनो इथे कामाला येतं. ब्राझीलमधल्या संशोधकांनी नॅनो सिल्व्हर फ्लोराइड तयार केलं : चांदीचे नॅनो कण, फ्लोराइड आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कायटोसान. कायटोसान सुंगटांच्या आणि कुर्ल्यांच्या कवचांतून काढतात, गोव्यात ज्याचे ढीग आपण टाकून देतो. 2014 मध्ये त्यांच्या चाचणीचे निकाल आले. दुधाच्या 130 किडक्या दातांपैकी निम्म्यांना हे औषध एकदाच लावलं. वर्षभराने औषध लावलेल्या दातांपैकी 66.7 टक्के दातांतली कीड थांबलेली होती, पाणी लावलेल्यांत 34.7 टक्के. आणि दात काळे झाले नाहीत. चांदीचं प्रमाण जुन्या औषधाच्या शेकडो पट कमी. कण इतके बारीक केले की त्याच चांदीचा पृष्ठभाग अफाट वाढतो, म्हणून थोडक्यात भागतं.

एका चाचणीवर उड्या मारू नयेत हे मलाही कळतं. त्यानंतर भारतातही यावर काम झालंय, पण दुकानातून घेऊन खुर्चीवर वापरावं असं प्रमाणित, परवानाधारक औषध म्हणून ते अजून माझ्या हातात नाही. ते यावं यासाठी मी अधीर आहे. रोबोसाठी नाही, या थेंबासाठी.

खाडीकाठ
मी समुद्री जिवांवर काम करते, म्हणून एक काळजी मांडते. चांदीचे आयन, म्हणजे पाण्यात विरघळलेले चांदीचे विद्युतभारित अणू, पाण्यातल्या लहान जिवांना विषारी असतात. आपल्याकडे पणजीचं सांडपाणी टोंकच्या प्रकल्पात जातं, पण गोव्यातल्या पुष्कळ घरांचं पाणी सेप्टिक टाकीत आणि तिथून जमिनीत. पुढे ते कुठे जातं? मांडवी आणि झुआरीत तिसऱ्या, शिनाणे, कालवं आहेत. ही मंडळी पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यातलं जे काही असेल ते त्यांच्यात साठतं, आणि ती आपण खातो. दवाखान्यात वर्षाला एक थेंब याला माझी हरकत नाही. पण उद्या चांदीच्या नॅनो कणांच्या पेस्ट आणि ब्रश घरोघरी आले आणि रोज बेसिनमधून वाहायला लागले, तर तो हिशेब कुणीतरी आधी मांडायला हवा. शिवाय रोज थोडी थोडी चांदी मिळत राहिली की तिला दाद न देणारे जंतू तयार होतात.

सूक्ष्मदर्शी
खाडीकाठताई, पूर्ण सहमत. औषध म्हणून थेंब आणि जाहिरात म्हणून रोजची पेस्ट यांत फरक करायलाच हवा. हायड्रॉक्सिॲपेटाइट त्या मानाने निर्धोक, आम्लात विरघळून कॅल्शियम आणि फॉस्फेटच होतं. चांदी विरघळली तरी चांदीच राहते. टायटॅनियम डायऑक्साइडचंही बघा. पेस्टला पांढरेपणा देण्यासाठी ते घालतात. युरोपने 2022 मध्ये खाद्यपदार्थांत त्यावर बंदी आणली, कारण त्यांच्या अन्नसुरक्षा संस्थेला 2021 मध्ये ते सुरक्षित मानता येईना.

युरोपात 2013 पासून सौंदर्यप्रसाधनांच्या घटकयादीत नॅनो घटकापुढे तसं लिहावंच लागतं, आणि पेस्ट त्यातच मोडते. आपल्याकडे 2019 मध्ये नॅनो औषधांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वं आली, पण ती औषधांसाठी. पेस्ट आपल्याकडेही प्रसाधन म्हणून विकली जाते. ग्राहकाने घटकयादी वाचावी एवढंच सध्या हातात आहे.

पेडण्याचे आबा
यावरून जुनी गोष्ट आठवली, तरुणांना ठाऊक नसेल. आमच्या गोव्यात तंबाखूची पेस्ट मिळायची, क्रीमी स्नफ. टूथपेस्टसारख्याच ट्यूबमध्ये. दातांना चांगली, हिरड्यांना चांगली म्हणून बायका आणि शाळेतली पोरंसुद्धा घासायची, आणि सोडवत नसे. 1992 मध्ये केंद्र सरकारने दातांच्या उत्पादनांत तंबाखूला बंदी घातली, तरी ती पुढेही मिळत राहिली. तोंडात जे घालायचं त्यावर छापलेल्या शब्दाची परीक्षा सरकारनेच आधी घ्यायला हवी.

कुळागर
आबा, आमच्या घरात मशेरी होती. आजीचे दात तिनेच गेले.

नवआई
आणि नवीन एनॅमल उगवेल का कधी? खरंच विचारते.

सूक्ष्मदर्शी
उगवण्याच्या जवळ जाणारं काम झालंय. चीनच्या झेजियांग विद्यापीठात 2019 मध्ये दीड नॅनोमीटरच्या कॅल्शियम फॉस्फेटच्या पुंजक्यांपासून दाताच्या एनॅमलवर त्याच घडणीचा नवा थर वाढवून दाखवला. 48 तासांत मिळालेली जाडी तीन मायक्रॉनहूनही कमी. आपलं एनॅमल जाड असेल तिथे अडीच मिलिमीटर, म्हणजे 2500 मायक्रॉन. सुरुवातीची पांढुरकी कीड बुजवायला हे एक दिवस उपयोगी पडेल, पण दाढेतला खड्डा याने भरणं अजून फार लांब.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वेगळी दिशा आहे. रक्तात लोह कमी असलेल्यांना शिरेतून देतात ते फेरुमॉक्सिटॉल, लोहाच्या ऑक्साइडचे नॅनो कण. हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर ते दातावरचा जंतूंचा थर फोडतात आणि आम्लाच्या जागी जास्त जोरात काम करतात. औषध आधीपासून मान्यताप्राप्त असल्यामुळे हा रस्ता तुलनेने लवकर संपेल अशी मला आशा वाटते.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं असं वाटतं : नॅनो कंपोझिट आहेच, चुंबकाच्या कणांना अजून वेळ लागेल, आणि मुलांसाठी ज्याची वाट पाहावी तो चांदीचा न काळवंडणारा थेंब. पण माझ्या दुसरीतल्या मुलांच्या दाढा त्याची वाट पाहणार नाहीत. अबोलीताई, मी सोमवारी काय करू? नेमकं सांगा.

अबोली
बाई, सांगते. आधी तपासणीचे कागद काढून दोन याद्या करा. ज्यांना दुखतंय, सूज आहे, हिरडीवर पुळी आहे, त्यांना थेंब चालत नाही, नस गेलेली असते. त्यांना आधी आरोग्य केंद्रात आणि गरज पडली तर बांबोळीला पाठवा. ज्यांना खड्डा आहे पण दुखत नाही, त्यांच्यासाठी आरोग्य केंद्रातल्या दंतचिकित्सकांना विचारा की 38 टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आहे का, नसेल तर मागवता येईल का. एका थेंबात चार-पाच दात होतात, खर्च फार नाही. मागच्या दाढांना काळं झालं तरी दिसत नाही, म्हणून पालक तिथे लवकर तयार होतात, सुरुवात तिथून करा. पालकांना आधी काळ्या झालेल्या दाढेचा फोटो दाखवा आणि लेखी संमती घ्या. चांदीची ॲलर्जी विचारा. सहा महिन्यांनी परत लावावं लागतं, ती तारीख शाळेच्या कॅलेंडरवर आत्ताच घाला, नाहीतर राहून जातं.

खड्डा मोठा असेल तर वरून ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट भरता येतं, हाताच्या अवजारांनी, ड्रिलशिवाय. ही पद्धत 1980 च्या दशकात टांझानियात, विजेविना चालावी म्हणूनच बसवली गेली.

आणि दुपारच्या जेवणानंतर घासण्यासाठी वर्गात ब्रश ठेवायची सोय होते का बघा. माझ्याकडून दोन वर्गांपुरते ब्रश आणि पेस्ट पाठवते, पत्ता निरोपात कळवा.

कुळागर
डॉक्टर, आमच्या बाजूच्या शाळेसाठी पण हीच यादी चालेल ना? मी हेडमास्तरांना वाचून दाखवतो.

अबोली
चालेल. फक्त दुखणाऱ्या मुलांची यादी आधी करा, दादा.